डर्ट बाइक घेतली, चालवणार कुठे?

‘नंबर प्लेट लागत नाही, लायसन्स लागत नाही.’ बॅटरीवरची दुचाकी विकताना दुकानदार हे इतक्या सहजपणे सांगतो की गिऱ्हाईक पुढचं विचारायचं विसरतं. यात खोटं काही नाही. पण ते ज्या गाड्यांना लागू आहे त्या गाड्या अगदी लहान चणीच्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार बॅटरीवरच्या दुचाकीला मोटार वाहन न मानण्यासाठी तीन अटी आहेत: मोटरची अर्ध्या तासाच्या चाचणीतली ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत. तिन्ही एकदम पाळायला हव्यात, आणि तसं प्रमाणपत्र पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेचं हवं. दुकानदाराच्या तोंडचं चालत नाही.

घोळ होतो तो वजनाच्या अटीवर. मातीत, दगडगोट्यांत उड्या मारण्यासाठी बनवलेली इलेक्ट्रिक डर्ट बाइक हलकीच असते. जगभर ज्या गाडीने या प्रकाराचं वेड लावलं, ती चीनमधली सुर-रॉन लाइट बी, साधारण पन्नास किलोची. दिसायलाही ती दणकट सायकलच वाटते. पण तिच्या मोटरची कमाल ताकद पाच किलोवॅटच्या पुढे, म्हणजे आपल्या मर्यादेच्या वीसपटीहून जास्त. वजनात बसली म्हणून ती सायकल ठरत नाही. ब्रिटनमध्ये पोलीस अशा गाड्या रस्त्यावरून उचलून नेतात. आपल्याकडेही २०२२ साली परिवहन आयुक्त कार्यालयाने, २५ च्या वेगाची परवानगी घेऊन आत फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध राज्यभर मोहीम काढली होती.

मग ‘रस्त्यावर नेतच नाही हो, मैदानात चालवतो’ हा युक्तिवाद येतो. ठाणे-कल्याण पट्ट्यात तो फार वेळा ऐकू येतो, कारण इथे अर्धवट सोडलेले विकास आराखड्यातले रस्ते, खाडीकाठचे भराव आणि बिल्डरने पत्रे ठोकून ठेवलेले भूखंड ढिगाने आहेत. पण मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये सार्वजनिक जागा म्हणजे नुसता डांबरी रस्ता नव्हे. लोकांना जिथे जायचा हक्क आहे अशी कोणतीही जागा त्यात येते, मग तो रहदारीचा मार्ग असो वा नसो. शिवाय कलम ३९ तर सार्वजनिक जागेपाशीही थांबत नाही. सार्वजनिक किंवा ‘इतर कोणत्याही’ जागी नोंदणीशिवाय मोटार वाहन चालवायचं नाही, असं ते म्हणतं. सुटकेची वाट एकच, तीही व्याख्येतली: फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी खास बनवलेली गाडी मोटार वाहन ठरत नाही. बिननंबरी डर्ट बाइकचा सगळा कायदेशीर संसार या ‘बंदिस्त आवार’ शब्दांवर उभा आहे. म्हणजे ती कुंपणाच्या आत चालवायची आणि तिथवर न्यायची छोट्या हत्तीत चढवून. सोसायटीच्या गेटपासून कोपऱ्यापर्यंतसुद्धा चालवत न्यायची सोय नाही.

पकडलं तर पहिल्या वेळी २ ते ५ हजार रुपये दंड. लायसन्स नसेल तर त्याचे ५ हजार वेगळे. ही रक्कम परवडते म्हणून हसणारे मी पाहिलेत. खरी भानगड अपघातात होते. नोंदणी नसलेल्या गाडीला थर्ड पार्टी विमा मिळत नाही, आणि समोरचा जखमी झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून. मुलांच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. अल्पवयीन मुलाने सार्वजनिक ठिकाणी गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वर त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. हिरोच्या विडा ब्रँडने आता चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी डर्ट.ई के३ ही छोटी इलेक्ट्रिक डर्ट बाइक आणली आहे. वस्तू छानच आहे. पण ती सोसायटीच्या रस्त्यावर संध्याकाळी भाजी घेऊन येणाऱ्या काकूंमधून फिरवायची वस्तू नाही, हे पालकांनी खरेदीआधीच ठरवावं.

सरळ मार्ग हवा असेल तर प्रश्न एकच विचारायचा: पासिंग होईल का? उत्तर ‘हो’ आलं की कागद मागायचे. फॉर्म २१ हा विक्रीचा दाखला आणि फॉर्म २२ हे गाडी रस्त्यावर चालण्यालायक असल्याचं निर्मात्याचं प्रमाणपत्र. फॉर्म २२ म्हटल्यावर विक्रेता विषय बदलायला लागला तर चहा पिऊन निघावं. कागद असतील तर ठाण्यात एमएच-०४, कल्याण-डोंबिवलीत एमएच-०५ ची हिरवी पाटी मिळते, पांढऱ्या अक्षरांची. बॅटरीच्या गाड्यांना नोंदणीशुल्क २०२१ पासून माफ आहे आणि राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात दुचाकींना मोटार वाहन करातून सूट आहे.

अशी रस्त्यावरही चालणारी आणि मातीतही रमणारी इलेक्ट्रिक गाडी भारतात दुर्मीळच. बंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेटने मार्च २०२५ मध्ये शॉकवेव्ह सादर केली: वजन १२० किलो, बॅटरी चार किलोवॅट-तासांची, किंमत तेव्हा दीड लाखाच्या आसपास. पेट्रोलवर हिरोची एक्सपल्स जी जागा सांभाळते, तिथे पोचायचा हा प्रयत्न. घेतलीच तर आरसे, इंडिकेटर, नंबर प्लेट काढून तिला ‘खरी’ डर्ट बाइक करायच्या फंदात पडू नये. निर्मात्याने दिलेल्या रूपात मूलभूत बदल करायला कलम ५२ मनाई करतं. जुन्या गाडीला इलेक्ट्रिक करण्याचा रस्ता मात्र कायद्यात आहे, आणि तो ठाण्यातूनच गेला. इथल्या गोगोए१ या कंपनीने २०२१ मध्ये स्प्लेंडरसाठी आरटीओमान्य बदल-संच आणला. संच ३५ हजारांचा, बॅटरीचे पैसे वेगळे. ते काम मान्यताप्राप्त संच घेऊन, आरसीवर नोंद करून होतं. गल्लीतल्या मेकॅनिकने बसवलेल्या कंट्रोलरला ती मान्यता नसते.

आता जागेकडे येऊ. ठाणेकराच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा येऊर येतं. उपवन ओलांडलं की चढ, वळणं, माती, पावसात ओढे. पण येऊरचं जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, तिथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागतो आणि बिबट्याचा तो अधिवास आहे. पाड्यांकडे जाणारा रस्ता सोडून गाडी जंगलात घालणं हा सरळ गुन्हा आहे. ‘आमची गाडी आवाज करत नाही, धूर सोडत नाही’ ही सबब मला तर उलटी वाटते. पेट्रोलची गाडी येताना निदान कळते तरी. लाकडाची मोळी घेऊन येणाऱ्या बाईच्या पाठीमागून चाळीसच्या वेगाने काहीही न वाजवता येणारं वाहन जास्त धोक्याचं. बॅटरी म्हणजे मोकळं रान नव्हे, हे माथेरानने चांगलं शिकवलं आहे. दस्तुरी नाक्यापुढे मोटारी नाहीत, हा नियम तिथे ई-रिक्षांसाठीसुद्धा आपोआप उठला नाही. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. कल्याणजवळच्या नेवाळीच्या जुन्या धावपट्टीकडेही कुणाची नजर जाईल, पण ती जमीन संरक्षण खात्याच्या ताब्यात आहे आणि २०१७ मध्ये तिच्यावरून शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन पेटलं होतं. तिथे मौजेसाठी शिरणं म्हणजे दुसऱ्याच्या भांडणात लाठी खायला जाणं. (खड्ड्यांचाच सराव हवा असेल तर पावसाळ्यात घोडबंदर रोडचा गायमुख घाट पुरेसा आहे, आणि तिथे हिरवी पाटी चालते.)

मातीत ही गाडी चालते कशी? क्लच नाही, गिअर नाही, आणि मूठ पिळल्याक्षणी सगळा जोर मागच्या चाकावर येतो. कोरड्या मुरुमावर याची गंमत वाटते. जूनच्या पहिल्या सरीनंतर कातळावर शेवाळाचा पातळ थर धरतो, तिथे हाच जोर चाक जागेवर फिरवून गाडी आडवी करतो. पेट्रोलवाला अशा वेळी क्लच अर्धा दाबून जोर मोजून सोडतो. इथे ते काम मनगटाने करावं लागतं, म्हणून नवख्याने सर्वांत मंद मोड लावूनच सुरुवात करावी. घरी आल्यावर चिखल धुताना प्रेशरचा फवारा कनेक्टरवर मारू नये, आणि तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरी सुरक्षेचं मानक कडक झालं. नोंदणीकृत गाडीची बॅटरी त्या चाचणीतून गेलेली असते, कुरिअरने आलेल्या बिननंबरी गाडीची असेलच असं नाही. ती चौथ्या मजल्यावर नेऊन चपलांच्या स्टँडशेजारी, दारातच रात्रभर चार्जिंगला लावणाऱ्यांनी एवढाच विचार करावा की आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच आहे. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून काढलेला पंधरा अँपिअरचा पॉइंट घ्यावा. सोसायटीच्या सभेत त्यावर दोन तास वाद होईल, तो होऊ द्यावा.

स्पर्धेचा मार्ग आहे, पण तो पुण्याकडे जातो. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीला झाली, पेट्रोलच्या गाड्यांवर. स्पर्धांची देशातली मान्यता एफएमएससीआय या महासंघाकडून मिळते. गाडीच्या विम्याचा मात्र तिथे उपयोग नाही, कारण नेहमीच्या पॉलिसीत शर्यत वगळलेली असते.

मग राहतो तो चार-पाच जणांनी मिळून जागा भाड्याने घेण्याचा मार्ग. मुरबाड, शहापूर किंवा बदलापूरच्या पलीकडे वरकस, खडकाळ जमिनी आहेत. मालक ‘चालवा की’ म्हणेल. तरी सातबारा उघडून इतर हक्काचा रकाना वाचावा. ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी जमिनींवर १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याची नोंद बसलेली आहे, आणि तशी नोंद असेल तर मालकाच्या होकाराने वन खात्याचं समाधान होत नाही. नोंद नसेल तर लेखी करार करावा, चारही बाजूंनी कुंपण घालावं, शेजारच्या भातखाचरांचे बांध सोडून वाट आखावी आणि गुरं घरी परतण्याच्या वेळेआधी चालवणं थांबवावं. गाव नाराज झालं तर करार कितीही पक्का असला तरी जागा हातची जाते.