फांदी कुणी मोडली?

‘पडद्यामागचा पेंग्विन’ : लेखांक सातवा

वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावात नोव्हेंबर लागला की दुपारी चारनंतर आभाळ काळवंडतं. त्यात ढगांइतकाच कावळ्यांचाही वाटा असतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या तिथल्या आवारात ५८ एकरांची पाणथळ जागा आहे आणि रात्रीच्या मुक्कामाला आसपासचे कावळे तिथल्या झाडांवर उतरतात. हंगामात त्यांची संख्या १६ हजारांपर्यंत जाते. पिंडाला शिवायला एक कावळा मिळेना म्हणून घाटावर ताटकळलेल्या मराठी माणसाला या आकड्याचा हेवाच वाटावा.

इतके कावळे रोज बसणार म्हटल्यावर एखादी फांदी मोडणारच. ती कावळ्यामुळे मोडली की आधीच किडलेली होती, हा प्रश्न मराठीनं फार पूर्वी एका म्हणीत घालून ठेवला आहे. लिनक्सवर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बिघडतो तेव्हा नेमका तोच प्रश्न विचारायचा असतो, आणि बहुतेक जण तो न विचारताच कुऱ्हाड घेऊन झाडावर चढतात.

१९ नोव्हेंबर २०२४ च्या संध्याकाळी त्या भागाला मोठ्या वादळानं झोडपलं. उंच देवदारी झाडं तारांवर कोसळली आणि सिएटलच्या आसपासची लाखो घरं अंधारात गेली. त्यातलंच एक मराठी घर कल्पावं. वडील सॉफ्टवेअर कंपनीत, मुलगी विद्यापीठात. तिच्या टेबलाखाली एक संगणक, त्यावर उबुंटू लिनक्स, आत एनव्हिडियाचं कार्ड. वीज परतल्यावर तिनं बटण दाबलं. मदरबोर्ड कंपनीचं बोधचिन्ह झळकलं, आणि मग पडदा काळा तो काळाच.

बाबांचा निकाल तयार होता. “विजेच्या झटक्यानं कार्ड उडालं. नवीन मागवू.”

“बाबा, थांब जरा. कार्ड उडालं असतं तर बोधचिन्ह कुणी दाखवलं?”

या एका वाक्यात अर्धं निदान झालं. यंत्र सुरू होताना पडद्यावर दिसणारं पहिलं चित्र मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम काढतो आणि त्यासाठी कार्डावरच्याच एका छोट्या, कामचलाऊ प्रोग्रॅमची मदत घेतो. ते चित्र दिसलं म्हणजे कार्ड, केबल, मॉनिटर आणि वीजपुरवठा निदान श्वास तरी घेत आहेत. पुढे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जागा होतो, खरा ड्रायव्हर शोधतो आणि पडद्याचा ताबा त्याच्याकडे सोपवतो. पूर्वी इगतपुरीला गाडीचं डीसी इंजिन सुटायचं आणि एसी इंजिन लागायचं, तसाच हा प्रकार. डबे तेच, रूळ तेच. पण जुनं इंजिन निघून गेलं आणि नवं आलंच नाही, तर गाडी फलाटावर नुसती उभी. २००९ पासून, म्हणजे कर्नलच्या २.६.२९ या आवृत्तीपासून, ही अदलाबदल टप्प्याटप्प्यानं कर्नलच्या आत आली. त्याआधी ती एक्स सर्व्हर हा पडद्यावर खिडक्या काढणारा प्रोग्रॅम करत असे.

मुलीनं यंत्र पुन्हा सुरू केलं आणि एस्केप दाबून ग्रब या सुरुवात करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा मेनू उघडला. त्यात ‘प्रगत पर्याय’ या नावाखाली आधीचा कर्नल राखून ठेवलेला असतो. तो निवडला आणि डेस्कटॉप जसाच्या तसा उघडला. कार्ड धडधाकट होतं. दोन मिनिटांचं काम, एक पैसा खर्च नाही. तरीही लिनक्सवर दहा-दहा वर्षं काढलेली माणसं ही पायरी वगळून थेट ड्रायव्हर उपटून पुन्हा बसवायला घेतात. तसं केलं की पुरावाही उपटला जातो.

पुरावा असतो नोंदवहीत. सिस्टिमडी वापरणाऱ्या यंत्रांवर ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा आधीच्या, फसलेल्या सुरुवातीचीही नोंद काढून देते. ‘एलएसपीसीआय’ला ‘-के’ जोडलं की कोणत्या कार्डावर कोणता ड्रायव्हर बसला आहे ते कळतं, आणि कार्डाच्या नावापुढे ड्रायव्हरची ओळच नसेल तर तेच उत्तर. कोणतं पॅकेज कधी बसलं याचा तारीखवार हिशेब एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या इतिहासात मिळतो. आपल्या कल्पनेतल्या घरात तो हिशेब असं सांगत होता: नवा कर्नल वादळाच्या दहा दिवस आधी, रात्री गुपचूप, आपोआप होणाऱ्या सुरक्षा अपडेटमध्ये उतरला होता. यंत्र मात्र त्यानंतर एकदाही बंद झालं नव्हतं, कारण मुलगी ते नुसतं झोपवून ठेवत असे. दहा दिवस जुनाच कर्नल चालू होता. वीज गेली, यंत्र पहिल्यांदा खरोखर बंद पडलं, आणि उठताना नव्या कर्नलवर उठलं.

वादळ हा कावळा. फांदी दहा दिवस आधीच किडली होती.

कीड कोणती, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये आतल्या जोडण्या आवृत्तीगणिक बदलतात, आणि त्या स्थिर ठेवायच्या नाहीत हे कर्नलकारांनी ठरवून घेतलेलं धोरण आहे. जो ड्रायव्हर कर्नलच्याच घरात राहतो, त्याची डागडुजी घरच्यांबरोबर होते. जो बाहेर राहतो, त्याला प्रत्येक नव्या कर्नलसाठी स्वतःला नव्यानं शिवून घ्यावं लागतं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर हा असा बाहेरचा. ही शिवणकामाची यंत्रणा म्हणजे डीकेएमएस. डेल कंपनीत ती २००३ च्या सुमारास तयार झाली. नवा कर्नल आला की ती ड्रायव्हर पुन्हा कंपाइल करते. मात्र मापं लागतात, आणि ती असतात कर्नलच्या ‘हेडर’ पॅकेजात. या यंत्रावर नवा कर्नल आला, त्याचे हेडर आलेच नाहीत. शिंप्याकडे कापड आलं, मापं आली नाहीत. त्यानं तशी नोंद करून ठेवली आणि गप्प बसला. शिवाय एनव्हिडियाचं पॅकेज बसतानाच ‘नूवो’ या खुल्या ड्रायव्हरला मनाई करून ठेवतं, त्यामुळे बदली कामगारही दारात नाही. इलाज एका ओळीचा होता: हेडर बसवा, डीकेएमएसला पुन्हा शिवायला सांगा, यंत्र सुरू करा.

हा बाहेरचा-घरचा वाद जुना आहे. जून २०१२ मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स यांनी भर सभेत कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं आणि वर एक शिवीही हासडली. आपल्याकडच्या साहित्य संमेलनात अजून इतकी प्रगती झालेली नाही. एनव्हिडियानं कर्नलमधला आपला भाग खुला केला तो मे २०२२ मध्ये, दहा वर्षांनी. पण खुला झाला म्हणजे घरचा झाला असं नव्हे. तो आजही वेगळाच येतो आणि डीकेएमएसच्या शिंप्याकडे किंवा वितरकानं आधीच शिवून दिलेल्या पॅकेजातूनच बसतो.

एएमडीनं वेगळी वाट धरली. २००६ मध्ये एटीआय ही कार्डकंपनी विकत घेतल्यावर २००७ पासून कंपनीनं कार्डांची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली, आणि २०१५ मध्ये ४.२ या कर्नलबरोबर ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हर घरात आला. म्हणून एएमडीवाल्यांना शिंप्याची कटकट नाही. त्यांचं दुखणं निराळं: कर्नल कार्डापेक्षा म्हातारा असणं. मार्च २०२५ मध्ये आलेलं रेडियॉन आरएक्स ९०७० कार्ड आणून कुणी डेबियन १२ च्या यंत्रात खोचलं, तर तिथला ६.१ हा कर्नल डिसेंबर २०२२ चा. कार्ड जन्मण्याआधी दोन वर्षांहून अधिक काळ तो लिहून झालेला. तो त्याला ओळखणार कसा? नोंदवहीत अनेकदा ‘फर्मवेअर उघडता आलं नाही, त्रुटी -२’ अशी ओळ दिसते. हा उणे दोन गूढ नाही. युनिक्सच्या भाषेत त्याचा अर्थ ‘अशी फाइलच नाही’ एवढाच. कार्डाला सुरुवातीला पाजायचा कोड डिस्कवर नाही. फर्मवेअरचं पॅकेज अद्ययावत केलं की अनेकदा काम भागतं.

या साऱ्यात ‘नोमोडसेट’ नावाच्या एका शब्दाबद्दल बोलायलाच हवं. पडदा काळा झाला की कोणीतरी जाणकार मित्र फोनवर सांगतो, ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीपुढे हा शब्द टाक. टाकला की पडदा उजळतो आणि मित्र देव ठरतो. प्रत्यक्षात त्या शब्दानं कर्नलला सांगितलेलं असतं की ताबा घेऊच नकोस, ते कामचलाऊ इंजिनच राहू दे. चित्र दिसतं, पण ते रंगवण्याचं सगळं ओझं सीपीयूवर पडतं. साधा व्हिडिओ लावला तरी पंखे ओरडू लागतात. कितीतरी लोक तो शब्द कायमचा ठेवून देतात आणि वर्षभर लिनक्स मंद आहे म्हणून बोटं मोडतात. तो आत शिरून नोंदवही वाचण्यापुरता वापरायचा.

बॉथेलहून सॅमामिश नदीच्या काठानं एक सायकलमार्ग निघतो आणि साधारण १६ किलोमीटरवर रेडमंडला पोचतो. १९८६ पासून मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय त्याच गावी. लिनक्सच्या काळ्या पडद्याशी या गावाचा संबंध काय, असं वाटेल. तर २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ आलं. ओळखीची सही असलेलाच प्रोग्रॅम यंत्र सुरू करू शकेल, असा तो नियम. बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक यंत्रात मायक्रोसॉफ्टची चावी आधीच बसलेली असल्यानं उबुंटू, फेडोरा, डेबियन यांचा ‘शिम’ हा द्वारपाल-प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडूनच सही करून घेतला जातो. विंडोज नको म्हणून पळालेल्या माणसाचं यंत्रही असं रेडमंडच्या सहीनं उठतं. त्यासाठीचं २०११ चं प्रमाणपत्र जून २०२६ पर्यंतचं. पुढच्या सह्या २०२३ च्या नव्या प्रमाणपत्रावर.

घोळ होतो तो पुढच्या दारावर. डीकेएमएसनं घरी शिवलेल्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची सही नसते, वितरकाचीही नसते. म्हणून उबुंटू यंत्रापुरती एक चावी तयार करतं, पासवर्ड विचारतं, आणि पुढच्या सुरुवातीला एक निळा पडदा दाखवून ती चावी नोंदवायला सांगतं. हा पडदा काही सेकंदच थांबतो. विंडोजच्या निळ्या पडद्याच्या धास्तीनं म्हणा किंवा घाईनं म्हणा, लोक ‘पुढे चला’वर एंटर मारतात. चावी नोंदली जात नाही. ड्रायव्हर नीट शिवलेला, जागेवर ठेवलेला, आणि कर्नल त्याला उंबरठ्यावरून परत पाठवतो. नोंदवहीत ‘की वॉज रिजेक्टेड’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. लोक मात्र ड्रायव्हर पाच वेळा काढून पाच वेळा बसवतात. या लेखमालेच्या मते लिनक्समधला हा सगळ्यात वाईट आखलेला पडदा आहे: आयुष्यात एकदाच दिसणारा, आणि ज्याला तो दिसतो त्याला त्याचा अर्थ ठाऊक नसलेला.

ड्रायव्हर नीट जुळला तर काय होतं, तेही याच परिसरात दिसतं. बॉथेलच्या दक्षिणेला बेलव्ह्यू आहे, तिथे व्हॉल्व्ह ही गेमकंपनी. २०१२ मध्ये तिच्या लोकांनी ‘लेफ्ट फोर डेड २’ हा खेळ उबुंटूवर आणला. विंडोज ७ वर तो सेकंदाला २७०.६ चित्रं दाखवत होता, लिनक्सवर ३१५. त्यासाठी खेळ, कर्नल आणि ड्रायव्हर या तिन्हींमध्ये हात घालावा लागला होता. दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्याच कंपनीनं स्टीम डेक हे हातातलं यंत्र आणलं. आत आर्च लिनक्स, आणि एएमडीच्या चिपसाठी खुला मेसा ड्रायव्हर. ते विकत घेणाऱ्या बहुतेकांना आपण लिनक्स वापरतो याचा पत्ताही नसतो.

खेळ ही एक बाजू. जुन्नर तालुक्यातल्या खोडदची महाकाय मीटरलहरी दुर्बीण ही दुसरी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, म्हणजे जोड्या ४३५. प्रत्येक जोडीचे संकेत एकमेकांशी ताडून पाहायचे, तेही लगेच. दुर्बिणीचं नूतनीकरण झाल्यापासून हे गणित ग्राफिक्स कार्डं करतात. अशा कामात पडद्याचा संबंध नाही, पण ड्रायव्हरचा जाच तोच: एनव्हिडियाच्या कुडा या गणिती संचाच्या १२ व्या आवृत्तीला ५२५ किंवा त्यापुढचा ड्रायव्हर लागतो. जुना असला तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

कधीकधी मात्र फांदी खरोखरच तोडलेली असते. एनव्हिडियानं पास्कल पिढीच्या कार्डांचा आधार ५८० या मालिकेपर्यंतच ठेवला. २०१६ चं जीटीएक्स १०६० हे त्यातलंच, आणि ते अजून असंख्य टेबलांखाली फिरतं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये आर्च लिनक्स ५९० वर गेलं. सूचना न वाचता ज्यांनी अपडेट केलं, त्यांचा ड्रायव्हर कार्डाला ओळखेनासा झाला. इथे नोंदवही वाचून दोष सापडतो, पण दुरुस्ती म्हणजे जुन्या मालिकेचं पॅकेज शोधून तिथेच थांबणं.

पुढच्या आठवड्यात दोन कार्डांचे लॅपटॉप आणि वेलँड. तोपर्यंत वाचकांनी, पडदा उजळ असतानाच, ‘एलएसपीसीआय -के’ एकदा चालवावं आणि कार्डाचं नाव, ड्रायव्हरचं नाव व चालू कर्नलचा क्रमांक एका कागदावर लिहून तो संगणकाच्या डब्याला चिकटवावा. फाइलमध्ये लिहून ठेवू नये. पडदा काळा झाल्यावर ती उघडता येत नाही.