मेंढपाळांच्या कष्टांचे चीज

फराळाच्या डब्यात बुरशीचा एक ठिपका दिसला, तरी आपली गृहिणी सगळा डबा रिकामा करील. पण दक्षिण फ्रान्समधील रोकफोर या चिमुकल्या गावी तऱ्हाच वेगळी. तेथे निळीहिरवी बुरशी जितकी छान पसरेल, तितके चीज उत्तम!

हे चीज मेंढीच्या दुधाचे. मेंढी दूध देते थोडे. पण ते गाईच्या दुधाहून जवळजवळ दुप्पट स्निग्ध असते. लाकोन जातीच्या मेंढ्यांचे हे दूध न उकळता, कोवळ्या जनावराच्या जठरातला रस घालून साकळवतात. त्यातच बुरशीचे बीज मिसळलेले असते. मग वड्या कापायच्या, पाणी निथळू द्यायचे आणि साचे भरायचे. अडीच-तीन किलोच्या या चकत्यांना मीठ चोळतात, सुयांनी भोके पाडतात आणि कोंबालू डोंगराच्या गुहांत ठेवतात. डोंगराच्या भेगांतून गार, दमट वारा येतो, भोकांतून आत शिरतो आणि बुरशी हळूहळू फुलते. तयार व्हायला निदान तीन महिने लागतात. या गुहांसाठी गावाला १४११ साली राजाची सनद मिळाली, तर १९२५ साली ‘रोकफोर’ या नावालाच कायद्याचे संरक्षण मिळाले.

पण सनद आणि कायदा असून काय उपयोग? मेंढ्यांना चरायला रानच उरले नाही तर?

तशी वेळ खरोखरच आली. रोकफोरला दूध पुरवणारे लार्झाक हे जवळचेच खडकाळ पठार. तेथील लष्करी तळ ३,००० हेक्टरांवरून १७,००० हेक्टरांपर्यंत वाढवण्याचे सरकारने १९७१ साली जाहीर केले. मेंढपाळ हवालदिल झाले. कोणी म्हणे, लष्करापुढे आपले काय चालणार?

अशा वेळी त्यांच्यात एक वृद्ध गृहस्थ आले. इटलीत जन्मलेले हे लांझा देल वास्तो १९३७ साली आपल्या वर्ध्याला गांधीजींजवळ राहून गेले होते. गांधीजींनी त्यांचे नाव ठेवले होते शांतिदास! १९७२ च्या मार्चमध्ये त्यांनी लार्झाकला पंधरा दिवस उपोषण केले. त्याच महिन्यात १०३ शेतकऱ्यांनी शपथ घेतली : जमीन विकायची नाही. ऑक्टोबरमध्ये तर त्यांनी साठ मेंढ्या थेट पॅरिसला नेऊन आयफेल मनोऱ्याखाली चरायला सोडल्या. पुढे बांधकामाला परवानगी मिळेना, तेव्हा परवानगीविनाच त्यांनी दगडी मेंढवाडा उभारला.

झुंज दहा वर्षे चालली. अखेर १९८१ साली नवे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी ती योजना रद्द केली.

आजही लार्झाकवर मेंढ्या चरतात आणि त्यांचे दूध रोकफोरच्या गुहांकडे जाते. वर्ध्याहून गेलेला सत्याग्रहाचा धडा त्या परक्या मेंढपाळांनी नीट गिरवला आणि त्यांच्या कष्टांचे, दोन्ही अर्थांनी, चीज झाले!