क्रोशाची टोपली : १११० टाक्यांची भेट

रत्नागिरीतून बोलतेय. बाहेर पाऊस आहे, त्यामुळे मागे पत्र्यावरचा आवाज ऐकू आला तर समजून घ्या. ज्यांना वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतेय.

आजचा विषय एका प्रश्नातून आला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, "भेट म्हणून हाताने काहीतरी करून द्यायचंय, क्रोशे शिकायला घेतलंय, पहिली वस्तू कोणती करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. टोपली करा. साधी, गोल, सामान ठेवायची टोपली.

टोपलीच का?

आपल्याकडे क्रोशे म्हटलं की रुखवत आठवतं. ताटावरचे रुमाल, तोरणं, कलशाखालची गोल चकती. फार सुंदर काम, पण बारीक दोरा, बारीक सुई, आणि लग्न झालं की बहुतेक वस्तू कपाटात जातात. टोपलीचं तसं नाही, ती रोज हाताखाली येते. आजीच्या गोळ्यांच्या पट्ट्या, चष्मा, चार्जर, हेडफोन, केसांचे चाप, जे घरात सतत हरवतं ते तिच्यात जातं. शिवाय दोरा जाड, त्यामुळे टाके स्पष्ट दिसतात आणि काम भराभर पुढे सरकतं.

अजून एक. टोपलीला मापाची कटकट नाही. स्वेटर अर्ध्या इंचाने चुकला तर अंगात जात नाही. टोपली अर्ध्या इंचाने मोठी झाली तर दोन वस्तू जास्त मावतात.

गाठ आणि फास यातला फरक

मिरकरवाडा बंदरावर कधी गेलात तर जाळी दुरुस्त करणारे लोक बघा. मासेमारीचं जाळं गाठींनी बनतं. प्रत्येक घराच्या कोपऱ्याला गाठ असते, म्हणून एक धागा तुटला तरी बाकीचं जाळं शाबूत राहतं. क्रोशेत गाठी नसतात. फासातून फास, त्यातून पुढचा फास, एवढंच. शेवटचा फास सोडून दोरा ओढला की सगळं सरसर उसवतं.

शिकणाऱ्याला हे वरदानच आहे. काही बिघडलं तर चार टाके उसवा आणि पुन्हा घाला, दोरा वाया जात नाही. पण याच कारणामुळे शेवटचं टोक नीट बंद करावं लागतं. ते पुढे सांगतेच.

काय काय लागेल?

दोरा : ३ मिलिमीटर जाडीची सुती दोरी. दुकानात 'मॅक्रमे दोरी' म्हणून मागा. लोकरीची टोपली मऊ होते आणि सामान भरलं की मान टाकते.

सुई : ५ मिलिमीटरची क्रोशाची सुई. टोपलीसाठी जरा घट्टच विणायचं, तरच भिंत उभी राहते.

बाकी : कात्री, जाड शिवणाची बोथट सुई आणि एक सेफ्टी पिन. पिन फेरीची सुरुवात ओळखायला.

दोरी किती लागेल, हे मला विचारू नका, स्वतः मोजा! दहा टाके घाला, दोरीवर खूण करा, उसवा आणि तेवढी लांबी पट्टीने मोजा. समजा ६५ सेंटिमीटर भरली, तर एका टाक्याला साडेसहा सेंटिमीटर. आपल्या टोपलीत १११० टाके आहेत. म्हणजे साधारण ७२ मीटर. थोडी जास्तीची धरून ८० मीटर घ्या. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा हा हिशेब खरा.

एकच टाका शिकायचाय

अख्ख्या टोपलीला एकच टाका पुरतो, मुका खांब. सुई टाक्यात घाला, दोरा ओढून बाहेर काढा, सुईवर दोन फास दिसतील. पुन्हा दोरा घ्या आणि दोन्ही फासांतून एकदम काढा. झाला मुका खांब.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी इथे कान टवकारा. अमेरिकन पद्धतीत याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात आणि ब्रिटिश पद्धतीत याच टाक्याला 'डबल क्रोशे' म्हणतात. नाव एक, टाके दोन! त्यामुळे व्हिडिओतल्या नावापेक्षा हाताकडे बघा. सुईवर आधी दोरा गुंडाळला नाही आणि एकाच ओढीत दोन फास संपले, तर तो आपला मुका खांब.

तळ : शाळेतला पाय इथे कामाला येतो

सुरुवात मॅजिक रिंगने. म्हणजे ओढून घट्ट करता येईल असा दोऱ्याचा फास. त्यात ६ मुके खांब घाला आणि फास आवळा. मध्ये भोक राहता कामा नये.

आता दरवर्षी वाढदिवसाला वय एकाने वाढतं, तसे दर फेरीला टाके सहाने वाढवायचे :

फेरी २ : प्रत्येक टाक्यात दोन-दोन. एकूण १२.
फेरी ३ : एक साधा, पुढच्यात दोन, असं सहा वेळा. एकूण १८.
फेरी ४ : दोन साधे, पुढच्यात दोन, सहा वेळा. एकूण २४.

असं करत करत दहाव्या फेरीत आठ साधे, पुढच्यात दोन, सहा वेळा. एकूण ६०. फेरी जोडायची नाही, जिलबीसारखं गोल गोल फिरत राहायचं. प्रत्येक फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवत चला, नाहीतर आपण कुठे आहोत हेच कळत नाही.

सहाच का? हा माझा आवडता भाग आहे. वर्तुळाचा परीघ म्हणजे २ पाय गुणिले त्रिज्या. २ पाय म्हणजे साधारण ६.२८. एक फेरी वाढली की त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते, म्हणजे परीघ त्या उंचीच्या सव्वासहा पट वाढायला हवा. मुका खांब जवळजवळ चौकोनी असतो, जितका उंच तितकाच रुंद. म्हणून सहा टाके वाढवले की हिशेब जुळतो आणि तळ सपाट बसतो.

हे कळलं की तळ स्वतःच बोलायला लागतो. कडा भाकरीसारख्या सपाट राहण्याऐवजी फ्रिलसारख्या लाटा आल्या, तर टाके जास्त झालेत. वाटीसारखं वर वळायला लागलं, तर कमी पडलेत किंवा हात फार घट्ट आहे. उसवा, मोजा, पुढे चला.

वाढीचे टाके दर फेरीला एकावर एक आले की वर्तुळाचा षटकोन दिसायला लागतो. त्यावर सोपा उपाय आहे. चौथ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या फेरीत साध्या टाक्यांतले अर्धेच सुरुवातीला घाला आणि उरलेले अर्धे फेरीच्या शेवटी. वाढीच्या जागा सरकतात, गोल गोलच राहतो.

दहा फेऱ्यांनंतर तळ साधारण १६ सेंटिमीटर व्यासाचा होतो.

भिंत : वाढवणं थांबवा, बस्स!

टोपली उभी कशी राहते? काहीही न करता. टाके वाढवणं थांबवलं की परीघ तेवढाच राहतो आणि विणकामाला वर जाण्यावाचून पर्याय उरत नाही.

अकरावी फेरी म्हणजे भिंतीची पहिली फेरी. प्रत्येक टाक्याला वर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन दोरे दिसतात. या एका फेरीत फक्त मागच्या दोऱ्यातून सुई घाला. त्यामुळे तळ आणि भिंत यांच्यामध्ये छान कड येते. त्यानंतर नेहमीसारखे दोन्ही दोऱ्यांतून ६०-६० टाके.

भिंतीच्या एकूण १३ फेऱ्या. बाराव्या फेरीत कान करायचे : २२ टाके घाला, ८ साखळ्या घ्या, खालचे ८ टाके सोडा, पुन्हा २२ टाके, ८ साखळ्या, ८ सोडा. तेराव्या फेरीत त्या साखळ्यांवरही ८-८ मुके खांब. बोटं अडकवायला दोन कान तयार. हे कान हलक्या सामानासाठी आहेत, नारळ भरून उचलू नका.

शेवटी एक स्लिप स्टिच, दोरी १५ सेंटिमीटर ठेवून कापा आणि फासातून पूर्ण ओढून घ्या. मग ते टोक जाड सुईने आतल्या टाक्यांतून एका दिशेने न्या आणि थोडं उलट दिशेने परत आणा. सरळ एकाच दिशेने ओवलेलं टोक हळूहळू बाहेर येतं, उलटं फिरवलेलं अडकून बसतं.

कोकणातल्या हवेसाठी

आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. सुती दोरी हवेतला ओलावा धरते आणि बुरशीला आमंत्रण देते. म्हणून पावसाळ्यात टोपली भिंतीला चिकटवून किंवा बंद कपाटात ठेवू नका. रंगीत दोरी असेल तर विणण्याआधी तिचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासा, रंग सुटतोय का ते कळेल. धुवायची वेळ आली तर गार पाण्यात धुवा, पिळू नका, आणि योग्य मापाच्या डब्यावर पालथी घालून वाळवा. आकार परत येतो. भेट देताना या दोन ओळी चिठ्ठीवर लिहून आत टाका. सोबत आंबापोळी किंवा आमसुलं ठेवलीत तर भेट अस्सल रत्नागिरीची! फक्त ती पाकिटबंद असू द्या, आमसुलाचा डाग जात नाही.

आणि आता हिशेब

तळाचे ३३० टाके, भिंतीचे ७८०. एकूण १११०. माझा हात मिनिटाला सात-आठ टाक्यांचा आहे, म्हणजे अडीच तास. नव्या हाताला चार-पाच तास सहज लागतील.

हा हिशेब मी मुद्दाम करतेय. स्वेटर विणणारी यंत्रं आहेत, कापड विणणारी आहेत. पण खरा क्रोशे टाका कारखान्यात यंत्रावर निघत नाही. 'क्रोशे मशीन' नावाची यंत्रं असतात, ती लेसच्या पट्ट्या काढतात, पण त्यांची वीण वेगळी असते. म्हणजे बाजारात दिसणारी क्रोशाची प्रत्येक टोपली, प्रत्येक टॉप, प्रत्येक पिशवी कुणीतरी बसून हाताने केलेली आहे. अगदी सेलमध्ये स्वस्तात मिळणारीसुद्धा.

मग ती इतकी स्वस्त कशी? आंध्र प्रदेशातल्या नर्सापूरला क्रोशे लेसचा जुना धंदा आहे आणि तिथला माल परदेशात जातो. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचं तिथल्या बायकांवरचं पुस्तक १९८२ साली आलं. त्यांनी दाखवलं की या बायका तासन् तास काम करत होत्या, पण 'घरी बसून फावल्या वेळात करतात' असं म्हणून त्या कामाला काम धरलंच जात नव्हतं. म्हणून मजुरी अगदी तुटपुंजी.

हे वाक्य आपल्या घरातही ऐकू येतं ना? "तुझं काय, टीव्ही बघता बघता होतं!" रुखवताच्या वस्तू करणाऱ्या काकू-मावश्यांना किती जणांनी दोऱ्याच्या पैशांपलीकडे काही विचारलं असेल?

त्यामुळे दोन गोष्टी करा. टोपली भेट देत असाल तर प्रेमाने द्या आणि त्याचे पैसे मनातही धरू नका. पण पुढे कुणी म्हणालं, "मला पण चार करून दे की, दोऱ्याचे पैसे देते," तर तास सांगा. दोरीचा खर्च अधिक तासांची मजुरी, हा सरळ हिशेब आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि बचत गटाच्या स्टॉलवर क्रोशाची वस्तू दिसली, तर घासाघीस करण्याआधी एक फेरी मोजून बघा. टाके मोजता यायला लागले की किंमत आपोआप कळते.

पहिली टोपली झाली की फोटो नक्की पाठवा, वाकडी असली तरी चालेल. कोणाला दिलीत आणि त्यांनी तिच्यात काय ठेवलं, तेही कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर टाके मोजत राहा!