मतदाराआधी नकाशा: जव्हार-मोखाड्याचा धडा

निवडणुकीच्या अभ्यासात मी उमेदवारांच्या याद्यांआधी मतदारसंघाचा नकाशा पाहतो. कोणाची मते कोणाबरोबर मोजायची, हे तिथेच ठरलेले असते. अमेरिकी प्रजासत्ताकाच्या आरंभकाळात हा नकाशा राज्यांची विधिमंडळे आखत. १८१२मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या संमतीने राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ पक्षाच्या सोयीने इतके वेडेवाकडे कापले गेले, की ‘गेरीमँडर’ हा शब्दच रूढ झाला.

आपल्याकडे हे काम परिसीमन आयोगाचे. तरी रेषांचे वजन तेवढेच. १९४८मध्ये जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५७मध्ये लोकसभेचा ठाणे मतदारसंघ द्विसदस्य होता: मतदाराला दोन मते आणि एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. शामराव परुळेकरांसह दोन्ही जागा कम्युनिस्ट पक्षाने जिंकल्या. १९६१च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले. मग जव्हारचे माजी राजे यशवंतराव मुकणे काँग्रेसतर्फे १९६२ला भिवंडीतून, १९६७ला डहाणूतून निवडून आले. मुकणे घराणे महादेव कोळी. त्यामुळे राजालाही राखीव जागेवर उभे राहता येत होते.

२००९पासून विधानसभेचा जव्हार मतदारसंघ उरला नाही. जव्हार आणि मोखाडा विक्रमगड मतदारसंघात गेले. मोखाड्यासारख्या विरळ वस्तीच्या तालुक्याचा आवाज किती पोहोचणार, हे त्याला कोणता शेजार जोडला जातो यावर ठरते. परिसीमनाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो. गावांनी बोलायचे ते तेव्हाच. मतदानाच्या दिवशी उशीर झालेला असतो.