तणनाशकाची मुदत

मृगाच्या पावसावर सरकी टोबलेल्या वऱ्हाडातील काळ्या रानात जुलैच्या मध्यास उभे राहिले, म्हणजे पऱ्हाटी आणि तण यांच्या स्पर्धेतील विषमता डोळ्यांत भरते. कारण आरंभी मंदगतीने वाढणारी पऱ्हाटी जेमतेम वीतभर झालेली असते, तोच दोन तासांमधल्या मोकळ्या जागेत केना, माठ, लव्हाळा आणि कुंदा यांनी आपला अंमल बसविलेला असतो. पेरणीपासूनचे पहिले सुमारे ६० दिवस जो यांचा बंदोबस्त राखील, त्याच्याच पदरात पुरते पीक पडावयाचे. हे काम पिढ्यान्‌पिढ्या डवऱ्याने आणि निंदणाऱ्या बायांच्या खुरप्याने केले. परंतु झड लागली की डवरा चालत नाही, आणि उघडीप मिळाली की साऱ्या शिवाराला मजूर एकाच आठवड्यात हवे असतात. तणनाशकाचा शिरकाव झाला तो या अडचणीतून.

मात्र प्रत्येक तणनाशकाला कामाची मुदत नेमून दिलेली असते. पिवळेधमक पेंडीमेथॅलिन पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, ओलाव्यावर फवारावयाचे. ते मातीच्या वरच्या थरात राहून अंकुरत्या तणाचे पेशीविभाजन रोखते, म्हणूनच तो थर आपल्याच पावलांनी मोडू नये यासाठी फवारणारा मागे मागे सरकत जातो. तण उगवून वर आले, की हा इलाज संपला. मग ते दोन ते चार पानांवर असतानाच गवतवर्गीयांसाठी क्विझालोफॉप-इथाइल आणि रुंद पानांच्या तणांसाठी पायरिथायोबॅक सोडियम योजावे लागते.

हयगयीची शिक्षाही पऱ्हाटीच भोगते. धुऱ्यावर २,४-डी मारलेला पंप नीट न धुता कपाशीत नेला, तर तिची रुंद पाने भेंडीच्या पानांसारखी चिरफाळतात, आणि शेतकरी रोग समजून नव्या औषधासाठी दुकान गाठतो.

ग्लायफोसेट तर हिरवे तेवढे सारेच मारणारे. ते सोसणारी कपाशी अमेरिकेत १९९७ साली बाजारात आली, तेव्हा निंदणाचा प्रश्न कायमचा निकालात निघाल्याचा भास झाला. परंतु २००५ साली जॉर्जियातील कपाशीत, आपल्या माठाच्याच कुळातले एक तण त्या औषधाला पुरून उरल्याचे सिद्ध झाले. आपल्याकडे परवान्याविना विकल्या गेलेल्या, ग्लायफोसेट सोसणाऱ्या ‘चोरबीटी’ कपाशीच्या मोहात पडणाऱ्याने ही कैफियत अवश्य ध्यानात घ्यावी.

तेव्हा पहिले आठवडे औषधाच्या हवाली करावेत, वाफसा येताच डवरा जुंपावा, आणि फवारणीतून वाचलेले प्रत्येक रोप बी धरण्यापूर्वी खुरप्याने काढावे. कारण औषधाला न जुमानणारी पुढली पिढी त्याच रोपाच्या बोंडीत असण्याचा संभव असतो.