साताऱ्यात धावावे कोठे आणि कसे?

धावण्यावर भाषण कसले करायचे, असे कोणी विचारील. पाय आहेत, रस्ता आहे, धावावे! ओढ्याकाठच्या वाटेने शाळेला पळत जाणाऱ्या पोराला धावायला कोणी शिकवलेले नसते. हे खरेच आहे. पण अलीकडे आपल्या जुन्या गावांतून एक नवा पाहुणा दिसू लागला आहे. पूर्वीचा पाहुणा देवदर्शन करी, किल्ला पाही, कंदी पेढ्यांचा पुडा बांधून घेई आणि गाडीत बसे. हा नवा पाहुणा तेवढ्यावर भागवत नाही. तो पहाटे साडेपाचला उठतो, बुटाचे बंद आवळतो आणि लॉजवरच्या माणसाला विचारतो, "काय हो, इथं धावायला चांगला रस्ता कुठला?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर जपून द्यावे लागते. नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी घाटावर धाडले, तर गुडघा धरून बसायची पाळी येते. अंधारात वाहनांच्या रस्त्यावर पाठवले, तर जिवावरही बेतते. म्हणून आज साताऱ्याच्या तीन वाटा सांगतो. सातारा निवडण्याचे कारण असे, की धावणाऱ्यांमध्ये या गावाचे नाव आता दूरवर पोचले आहे. २०१२ सालापासून येथे डोंगरावरची अर्ध-मॅरेथॉन भरू लागली. अर्ध-मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, डोंगर हिरवे असताना, हजारो माणसे यवतेश्वराचा घाट पायांनी चढतात आणि उतरतात.

आधी गावाची ठेवण ध्यानात घेऊ. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेला आहे. गड दक्षिणेला, यवतेश्वराचा डोंगर पश्चिमेला, आणि पूर्वेला जमीन उतरत उतरत कृष्णा-वेण्णेच्या संगमाला मिळते. १७०८ साली छत्रपती शाहूंचा राज्याभिषेक येथे झाला, आणि गडाखाली शाहूनगर वाढले. १८४८ साली इंग्रजांनी राज्य खालसा करीपर्यंत ही छत्रपतींची राजधानी होती. त्या काळी सरकारी पत्रे घेऊन जासूद पायी धावत. पुढे इंग्रजी अमलात डाकेची थैली खांद्यावर टाकून घुंगराची काठी वाजवीत जाणारे हरकारे आले. तेव्हा या मुलखातल्या वाटांना धावती पावले काही नवी नाहीत. पूर्वी पोटासाठी धावत, आता प्रकृतीसाठी आणि हौसेसाठी धावतात, इतकेच.

पहिली वाट पूर्वेची, माहुलीची. नवख्याने येथूनच सुरुवात करावी. गावापासून संगम माहुली साधारण पाच किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन दहा. चढ-उतार आहेत, पण दम काढणारे नाहीत. एक ध्यानात ठेवावे, जाताना रस्ता एकंदरीत नदीकडे उतरतो आणि येताना तोच चढावा लागतो. जाताना उत्साहात सगळी शक्ती खर्चली, तर परतीला रिक्षा शोधावी लागेल! वाटेत पुणे-बंगळूर महामार्ग आडवा येतो. तेथे धावणे थांबवावे, चालत, दोन्हीकडे पाहून पलीकडे जावे. घड्याळात दोन मिनिटे जास्त लागली म्हणून काही बिघडत नाही.

माहुलीला पोचल्यावर मात्र लगेच पाठ फिरवू नये. कृष्णा आणि वेण्णा येथे एक होतात. अलीकडे संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. काठावरचे विश्वेश्वराचे देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधले. काळ्या दगडाचे घाट आहेत. निःस्पृह न्यायाधीश म्हणून ज्यांचे नाव आपण मुलांना सांगतो, ते रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या इमानी कुत्र्याची समाधीही येथे दाखवतात. घाम निवेपर्यंत घाटाच्या पायरीवर बसावे. देवळात जायचे तर बूट बाहेर काढावेत, आणि नदीवर बायका धुणे धूत असतील, कोणी दशपिंडाचा विधी करीत असेल, तर तेथे फोन काढून चित्रे टिपू नयेत. आपण पाहुणे आहोत, हे पायांनी विसरू नये.

दुसरी वाट दक्षिणेची, गडाची. अंतराने लहान, पण अंगाने तिखट. अदालत वाड्याच्या बाजूने वर चढले की गडाचा गाडीरस्ता लागतो, आणि तेथून मुख्य दरवाजा सुमारे एक किलोमीटर राहतो. गड गावाहून साधारण तीनशे मीटर उंच. ज्याला एका दमात चढता येत नाही त्याने शंभर पावले धावावे, शंभर पावले चालावे. चढावर चालण्यात कमीपणा नाही. डोंगरावरच्या स्पर्धांत कसलेले धावपटूही चालतात.

या दरवाजाशी उभे राहिले की इतिहासाचा अर्थ पायांना कळतो. १६९९ च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेब फौज घेऊन याच गडाखाली आला. प्रयागजी प्रभूंनी एप्रिल १७०० पर्यंत गड झुंजवला. पुस्तकात आपण 'किल्ला दुर्गम होता' असे वाचतो आणि पान उलटतो. रिकाम्या हाताने, डांबरी रस्त्याने चढताना छाती भात्यासारखी चालू लागली, म्हणजे ढाल-तलवार घेऊन, वरून दगड-गोळे येत असताना तो चढणे काय असेल, याची थोडी कल्पना येते. वर मंगळाईचे देऊळ आहे, ताराबाईंच्या वाड्याचे अवशेष आहेत, आणि आपल्या कामाशी नाते सांगणारा प्रसारभारतीचा मनोराही आहे. माथ्यावर तटाच्या कडेने धावू नये. दगड सुटे असतात, पावसाळ्यात शेवाळ धरते. तेथे हिंडून पाहावे.

तिसरी वाट पश्चिमेची, यवतेश्वर घाटाची. ही सर्वांत देखणी आणि सर्वांत कठीण. समर्थ मंदिराकडून पुढे निघाले की घाट लागतो. एकेका वळणाला सातारा खाली खाली जातो, समोर अजिंक्यताऱ्याची पाठ दिसू लागते, आणि यवतेश्वराच्या जुन्या शिवालयापर्यंत हवा पालटलेली असते. याच रस्त्याने पुढे कासचे पठार. ते गावापासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. पश्चिम घाटातील ज्या जागांना २०१२ साली जागतिक वारशात स्थान मिळाले, त्यांत कास आहे. तेथील फुले जांभ्या खडकावरच्या अगदी पातळ मातीत उगवतात. एक बूट पडला तरी त्या वर्षाचे बी जाते. म्हणून पठारावर धावायचे नाही. धावणे घाटरस्त्यापुरते ठेवावे.

घाटात धुके उतरते, तेव्हा दहा पावलांवरचे दिसत नाही. पांढरा किंवा भडक रंगाचा सदरा घालावा. उजव्या कडेने धावावे, म्हणजे समोरून येणारे वाहन आपल्याला दिसते. आंधळ्या वळणावर दोघांतिघांनी जोडीने धावू नये, एकामागे एक व्हावे. कानांत गाणी घालू नयेत. फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवारी या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. त्या दिवसांत ही वाट आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, उजाडता उजाडता धरावी.

आता शरीराचे थोडे शास्त्र. चढावर दम लागतो, म्हणून लोक चढाला भितात. खरे दुखणे उतार देतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार थोपवून धरतो. त्याने स्नायूंत बारीक इजा होते, आणि मांड्या त्याच दिवशी न दुखता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरून येतात. पाहुणा घाट उतरून हसत जातो आणि घरी जिन्याचा कठडा धरून उतरतो, ते यामुळेच. उपाय सोपा आहे. उतारावर पावले आखूड टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत, आणि टाच आपटू नये.

वेग किती ठेवावा? घड्याळ नसले तरी चालते. सोबत्याशी पुरे वाक्य बोलता आले, तर वेग बरोबर. तुटक शब्दच फुटू लागले, तर कमी करावा. आज पाच किलोमीटर धावणाऱ्याने पुढच्याच आठवड्यात घाट गाठू नये. अंतर थोडे थोडे वाढवावे. ज्याला मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार आहे, किंवा चाळिशीनंतर जो प्रथमच धावणार आहे, त्याने आधी डॉक्टरांना दाखवावे. आणि हे तर पाठच करा. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, घेरी, थंड घाम, यांतले काही झाले की जागच्या जागी थांबायचे आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवायची. 'एवढा चढ संपवू दे' हा हट्ट माणूस गमावतो.

आता तुम्ही म्हणाल, पाहुण्यांचे झाले, आमचे काय? गुरुजी, बाई, हे तुमच्यासाठीच आहे. तुमच्या गावाजवळही एखादी गढी असेल, जुने देऊळ असेल, बारव असेल. शाळेतल्या मुलांकडून तिथवरची धावायची वाट आखून घ्या. सायकलीच्या चाकाला खडूची खूण करा, दोरीने परीघ मोजा. समजा तो दोन मीटर दहा सेंटिमीटर भरला, तर शंभर फेऱ्यांना २१० मीटर झाले. मुले फेऱ्या मोजतील, नकाशा काढतील, चढ कोठे, पाण्याचा हापसा कोठे, सावलीचे झाड कोठे, भुंकणारी कुत्री कोणत्या वस्तीवर, हे त्यावर लिहितील. गणित झाले, भूगोल झाला, आणि म्हाताऱ्यांना विचारून त्या गढीची हकिगत उतरवली की इतिहासही झाला.

आणि त्या नकाशावर एक प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहायला लावा, या वाटेने सातवीतली मुलगी पहाटे बिनघोर धावेल का? उत्तर 'नाही' आले, तर कारण शोधा. दिवा नसेल, कडेला चालायला जागा नसेल, पारावरची टवाळ पोरे असतील. ते गावाने दुरुस्त करायचे आहे. हा प्रश्न मी उगाच काढत नाही. याच सातारा जिल्ह्यात माण तालुका आहे, पावसाने नेहमी तोंड फिरवलेला. त्यातल्या मोही गावची शेतकऱ्याची मुलगी ललिता बाबर २०१५ साली तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत आशियाची अजिंक्यवीर झाली, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत पोचल्या, त्यानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर एकेरी शर्यतीत इतक्या पुढे गेलेली ही पहिली भारतीय स्त्री. अशा मुली आणखीही गावांतून असतील. त्यांना बुटांआधी निर्धास्त रस्ता हवा आहे.

मग साताऱ्याला कोणी धावणारा पाहुणा भेटला, तर त्याला सांगा, पहिल्या दिवशी माहुली, दुसऱ्या दिवशी गड, आणि पाय सरावले असतील तरच घाट. सोबत पाण्याची बाटली ठेवा म्हणावे, आणि रिकामी झाली की ती परत खिशात घालून आणा. परतल्यावर कंदी पेढा खायला हरकत नाही. तेवढा त्याने कमावलेला असतो.