जुन्या बॅटरीला एलईडी बल्ब : आधी सेल मोजा, मग बल्ब घ्या



गेल्या थंडीतली गोष्ट. आपल्या दोन सभासदांची होडी दुधनीच्या बाजूला धरणाच्या पाण्यावर पहाटे जाळं उचलायला गेली होती. धुकं असं की वल्ह्याचं टोक दिसेना. हातात दोन सेलची जुनी लोखंडी बॅटरी. निघताना चांगली होती, बोया शोधता शोधता पिवळी पडली आणि मग नुसता निखारा उरला. काठावर घरचं माणूस दुसरी बॅटरी हलवत उभं होतं, तीही तशीच मंद. इकडून तिकडचं दिसेना, तिकडून इकडचं. शेवटी पाण्यातल्या एका वाळलेल्या झाडाच्या खोडाला दोर बांधून उजाडेपर्यंत दोघं बसून राहिले. जाळं फाटलं, माणसं सुखरूप आली. आठ वाजता घरी पोचल्यावर चहा पिताना पहिला शब्द निघाला तो बॅटरीचा.

त्यानंतर आम्ही संस्थेच्या कार्यालयात सभासदांच्या जुन्या बॅटऱ्या मागवून एकेक उघडून बघितल्या. (टॉर्चला आपल्याकडे बॅटरीच म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल. इथेही तसंच लिहितो.) बहुतेकांचं दुखणं एकच निघालं. बॅटरी धडधाकट, बल्ब जुन्या तारेचा.

तारेचा बल्ब म्हणजे काय, तर आतली बारीक तार तापून लाल-पिवळी होते आणि उजेड पडतो. दोन सेलच्या बॅटरीतल्या बल्बवर बारीक अक्षरात २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असं काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणजे पाऊण वॅट. त्यातला बराचसा भाग उष्णता होऊन जातो, एका वॅटमागे जेमतेम दहाएक ल्युमेन उजेड हाती लागतो. साधासुधा एलईडी तेवढ्याच विजेत सत्तर-ऐंशी ल्युमेन सहज देतो. शिवाय सेल थोडा उतरला की तार नीट तापत नाही, उजेड झपाट्याने पिवळा पडतो. सेलमध्ये जीव शिल्लक असतानाच आपण तो फेकून देतो.

बाजारात त्याच मापाचा, त्याच कॉलरचा एलईडी बल्ब मिळतो. आम्ही आणले ते चाळीस-पन्नास रुपयांचे. जुना काढायचा, नवा बसवायचा, झालं. असं आम्हालाही वाटलं होतं. पहिल्या आणलेल्या बल्बांपैकी निम्मे लागलेच नाहीत. दुकानदाराला चार शब्द सुनावून आलो, नंतर कळलं की चूक आमचीच.

पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण तीन व्होल्ट लागतात. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळा लेप दिलेला असतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. निळ्या उजेडाला जास्त व्होल्ट लागतात. लाल एलईडी दोन व्होल्टच्या आसपास पेटतो आणि तो फार आधी आला. चांगला झगझगीत निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी जपानमध्ये १९९३ साली करून दाखवला. त्या शोधासाठी त्यांना आणि इसामू अकासाकी, हिरोशी अमानो यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो निळा दिवा सापडला नसता तर आज आपल्या घरातला बल्बही एलईडीचा नसता.

आता आपल्या सेलचा हिशेब बघा. नवा सेल दीड व्होल्टचा. दोन सेल मिळून तीन. म्हणजे अगदी कोरे सेल घातले तरच साधा एलईडी जेमतेम पेटतो. सेल थोडे वापरले की प्रत्येकी १.२ वर येतात, दोघांचे मिळून २.४, की एलईडी गप्प. आमचे निम्मे बल्ब म्हणूनच लागले नाहीत. ते होते तीन सेलचे, आणि आम्ही बसवत होतो दोन सेलच्या बॅटरीत.

दोन सेलची बॅटरी असेल तर आत बूस्टर असलेला बल्ब मागा. त्याच्या बुडात छोटं सर्किट असतं, ते कमी व्होल्टचे जास्त करून एलईडीला देतं. पाकिटावर किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. खालचा आकडा २ किंवा त्याहून कमी असेल तर तो आपल्या कामाचा. नुसतं ३ व्होल्ट लिहिलं असेल तर दुकानातच थोडे वापरलेले सेल घालून लावून बघा. कोऱ्या सेलवर दुकानदार काहीही लावून दाखवेल.

तीन सेलची लांब बॅटरी असेल तर काम सोपं. कोरे तीन सेल साडेचार व्होल्ट देतात. तिथे उलट जास्त व्होल्टची भीती, म्हणून एलईडीच्या वाटेत एक रेझिस्टर लागतो. विकतच्या बल्बमध्ये तो आतच असतो. घरी सुटा एलईडी जोडणारे आपले काही तरुण सभासद आहेत, त्यांच्यासाठी आकडा देतो. अर्ध्या वॅटच्या आतला एलईडी असेल आणि त्यातून ०.१ अँपिअर सोडायचा असेल तर साडेचारमधून एलईडीचे ३.१ वजा करा, उरले १.४. त्याला ०.१ ने भागा, १४ ओहम. बाजारात १५ ओहमचा मिळतो, पाव वॅटचा पुरतो. रेझिस्टरशिवाय थेट जोडला तर पहिल्या रात्री डोळे दिपतील आणि थोड्याच दिवसांत एलईडी काळा पडेल.

दुसरी खोड उलट-सुलटची. तारेच्या बल्बला सेल कसेही घातले तरी चालतात. एलईडी एकाच बाजूने पेटतो. विकतच्या बल्बमध्ये बहुधा बुडाचं टोक अधिक आणि कडेचा पत्रा उणे असतो. सेलची टोपी बल्बकडे आली की जमलं. बल्ब लागला नाही तर फेकून देण्याआधी सेल एकदा उलटे घालून बघा. कार्यालयात एका काकांनी बंद म्हणून आणून दिलेला बल्ब आम्ही असाच चालू करून दिला. काकांना अजून वाटतं आम्ही दुरुस्त केला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उजेड वाढला म्हणजे दूरचं दिसेल असं नाही, याचा अनुभव आम्ही घेतला. नवा बल्ब लावून एक सभासद अथाळच्या पुलाखाली गेले आणि परत येऊन म्हणाले, "होडीत लख्ख दिसतंय, पण समोरचा बोया दिसत नाही." त्यांचं खरं होतं. बॅटरीच्या तोंडाशी जी चकचकीत वाटी असते ती तारेच्या बल्बासाठी बनवलेली. तार चारी बाजूंना उजेड फेकते, वाटी तो गोळा करून एका झोतात पुढे सोडते. त्यासाठी तार वाटीच्या ठराविक उंचीवर असावी लागते. एलईडी मात्र सगळा उजेड समोरच फेकतो, वाटीला तो फारसा शिवतच नाही. त्यामुळे जवळ पसरट उजेड, लांब अंधार.

म्हणून घेताना एलईडीची पिवळी टिकली कुठे बसवली आहे ते बघा. टिकल्या बाजूंना बसवलेल्या आणि जुन्या तारेच्या उंचीवर असतील तर झोत बराच जमतो. जुना आणि नवा बल्ब शेजारी धरले की फरक नजरेला कळतो. ज्यांच्या बॅटरीचं डोकं फिरवून झोत लहान-मोठा होतो ते नशीबवान, त्यांनी फिरवून जुळवावं. नाही जमलं तर ती बॅटरी होडीत जाळं सोडवायला ठेवा आणि लांब बघायला दुसरी.

जाळं सोडवायला खरं तर एवढा पांढरा उजेड नकोच. अंधाराला डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या झोताकडे एकदा बघितलं की ती मेहनत वाया. होडीतल्या बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दोन घड्या करून रबराने बांधा. गाठी दिसतात आणि बाहेरचं पाणीही दिसत राहतं. समोरून येणाऱ्या होडीवाल्याच्या तोंडावर झोत मारू नका, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. धुक्यातही झोत सरळ समोर धरला तर पांढरी भिंत दिसते. बॅटरी कमरेखाली, पाण्यालगत धरा.

तारेचा बल्ब पिवळा पडून आधी सूचना देत असे. बूस्टरचा एलईडी सेल पिळून शेवटपर्यंत बऱ्यापैकी उजेड देतो आणि मग पटकन जातो. त्यामुळे जादा सेल प्लॅस्टिकच्या डबीत होडीत असलेच पाहिजेत. शिवाय इतके पिळलेले सेल आत तसेच राहिले तर पाझरतात. पांढरी-हिरवी भुकटी दिसली की सेल काढा, ओल्या फडक्याने पुसा, स्प्रिंग आणि पत्रा बारीक पॉलिश पेपरने घासून कोरडा करा. महिनाभर वापर नसेल तर सेल बाहेर. आमच्याकडे आलेल्या बॅटऱ्यांपैकी काहींना नव्या बल्बाची गरजच नव्हती, नुसता गंज घासला आणि त्या उजळल्या. जुना तारेचा बल्बही टाकू नका. पुष्कळ बॅटऱ्यांच्या मागच्या झाकणात जादा बल्बाची जागा असते, तिथे ठेवा.

मोबाइलचा टॉर्च आहे की, असं तरुण पोरं म्हणतात. त्याचा उजेड पसरट, ओल्या हातातून मोबाइल पाण्यात गेला की उजेडही गेला आणि फोनही. ज्या वेळी फोन करायची गरज पडते नेमकी त्याच वेळी चार्जिंग टॉर्चने खाल्लेलं असतं.

एलईडी शब्द ऐकून कोणी दचकू नये म्हणून एक खुलासा. कोकण किनाऱ्यावर मालवणपासून आपल्या मच्छीमार भावांनी ज्या एलईडी मासेमारीविरुद्ध आंदोलनं केली ती वेगळी गोष्ट. तिथे जनरेटरवर मोठाले दिवे पाण्यावर सोडून मासे एका जागी गोळा करतात आणि पर्ससीन जाळ्याने लहान-मोठं सगळं उपसतात. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रात अशा कृत्रिम उजेडाच्या मासेमारीवर बंदी घातली. आपण लावतोय तो अर्ध्या वॅटचा दिवा माणसाला वाट दिसावी म्हणून. पण तोच दिवा मोठा करून कोणी धरणाच्या पाण्यावर मासे जमवायला लावला, तर संस्था त्याच्या बाजूने उभी राहणार नाही.

काठ आणि होडी यांच्यातल्या खुणाही ठरवून घेऊ. तीन वेळा लहान, तीन वेळा लांब, तीन वेळा लहान अशी उघडझाप म्हणजे मदत पाहिजे. ही खूण जगभर चालते. बॅटरी गोल फिरवली म्हणजे सगळं ठीक, येतोय. काठावरच्या माणसाने तशीच गोल फिरवून उत्तर द्यायचं. घरातल्या बायका-मुलांना हे आज रात्रीच अंगणात करून दाखवा, कारण काठावर बहुतेक वेळा त्याच उभ्या असतात. पावसाळ्यात मधुबन धरणाचे दरवाजे उघडतात तेव्हा दमणगंगेच्या काठी रात्री हाका ऐकूच येत नाहीत, तेव्हाही हीच खूण उपयोगी पडेल.

या रविवारी सकाळी दहापासून डोकमर्डीच्या कार्यालयात बॅटऱ्या तपासून देऊ. बल्बाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे, बसवायचे आणि घासायचे काही नाही. दोन सेलची की तीन सेलची ते आधी मोजून या, आणि घरात पडलेले अर्धवट वापरलेले सेल सोबत आणा, नवे नकोत.